बंद बाटलीतलं पाणी

१

चेतना मेश्रामला कामावरून कमी करण्याचं पत्र सोमवारी दुपारी मी टाइप केलं. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली. लॅबच्या प्रमुख क्षमा मॅडम म्हणाल्या होत्या, "शुक्रवारची घालू, इंदूताई. दुसरी बाटली उघडली की."

सव्वीस वर्षं मी या प्रयोगशाळेत टाइप करते आहे. आधी शहरातल्या जुन्या इमारतीत खडखडत्या मशीनवर, आता नया रायपूरच्या या काचेच्या इमारतीत कम्प्युटरवर. शिक्षण बारावी आणि टायपिंग. पण रोज वीस-वीस रिपोर्ट टाइप केले की रसायनशास्त्र बोटांतून थोडं थोडं वर चढतं. कोणी सांगितलं नाही तरी चढतं.

प्रकरण एवढंसंच होतं. 'मधुलेश' नावाच्या गोड गोळ्या, साखरेच्या आजारवाल्यांनी चहात टाकायच्या. त्यांच्यात पाणी तीन टक्क्यांच्या वर असता कामा नये. नाहीतर गोळ्या मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात. नऊ जुलैला चेतनानं त्या तपासल्या. पाणी एक पूर्णांक चार टक्के. पास. नियमाप्रमाणे उरलेल्या गोळ्या दोन तपकिरी बाटल्यांत भरल्या, 'अ' आणि 'ब'. प्रत्येक झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर चेतनाची सही, आणि दोन्ही बाटल्या नमुना-खोलीत कुलूपबंद.

ऑगस्टच्या शेवटी ऑडिटवाले आले आणि पत्ते काढल्यासारखी एक बाटली काढली. म्हणाले, ही परत तपासा. ती निघाली मधुलेशची 'अ'. पट्टी शाबूत होती. सही शाबूत होती. आत पाणी सहा पूर्णांक दोन टक्के.

बंद बाटलीत पाणी शिरत नाही. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून आत होतं आणि चेतनानं आकडा बसल्या जागी लिहून टाकला, असा सरळ हिशेब सगळ्यांनी केला. हा शिक्का एकदा लागला की पोरीला कुठलीही लॅब दारात उभी करत नाही.

'ब' बाटली कंपनीच्या माणसासमोरच उघडायची, म्हणून शुक्रवार ठरला. तोवर क्षमा मॅडमनी मला सगळ्यांचे जबाब लिहून घ्यायला सांगितले. "तुम्हाला सगळे खरं सांगतात," त्या म्हणाल्या.

मला कोणी खरं सांगत नाही. मी फक्त मध्ये बोलत नाही, एवढंच.

२

चेतना माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. रडून झालेले डोळे मला ओळखू येतात. घरात दोन मुली वाढवल्यात.

"आकडा तू केलास की मशीननं दिला?"

"दीदी, तुम्ही पण?" ती म्हणाली. मग उसासा टाकून, "मशीननं. तीन बार केलं. वन पॉइंट फोर, फोर, फाइव्ह. मशीनची कच्ची पर्ची लावलेली आहे फाइलमध्ये."

"पर्ची दुसऱ्या गोळ्यांची असू शकते, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

कँटीनमध्ये सगळेच म्हणत होते. एकानं तर 'कोट्यातली पोरगी' असंही म्हटलं होतं. ते मी जबाबात लिहिलं नाही, पण कोण म्हणालं ते लक्षात ठेवलं.

"मधुलेशवाल्या कंपनीचा पराग तुला वारंवार फोन करायचा?"

"रिपोर्टसाठी सगळ्यांनाच करतो. तुम्हाला पण करतो."

ते खरं होतं. मला तर तो 'मावशी' म्हणतो.

"बरं. बाटल्यांत गोळ्या कोणी भरल्या? पट्टी कोणी चिकटवली?"

पहिल्यांदाच ती थांबली. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मीच," ती म्हणाली. "सही माझीच आहे ना."

मी लिहून घेतलं. ती गेल्यावर नमुना-खोलीचं रजिस्टर मागवलं. नऊ जुलै, मधुलेश, अ आणि ब, बाटलीबंद केल्याची वेळ: सहा वाजून दहा मिनिटं.

नया रायपूरहून शहरात जायला आमची एकच स्टाफ बस आहे. साडेपाचला सुटते, आणि ती चुकली तर त्या रुंद-रुंद रस्त्यांवर कुत्रंसुद्धा भेटत नाही. नऊ जुलैला चेतना त्या बसमध्ये होती. माझ्याच शेजारी. त्या दिवशी तिला सहीचा अधिकार मिळाला होता, मधुलेशचा रिपोर्ट हा तिच्या एकटीच्या सहीचा पहिला. आणि तिनं सगळ्या बसला पेढे वाटले होते. माझ्या नवऱ्याला चालत नाहीत म्हणून त्याच्या वाटचाही मीच खाल्ला होता.

सहा दहाला ती बस माना-विमानतळाच्या वळणाला होती. पोरगी खोटं बोलत होती.

३

अभिनव त्या मशीनचा दुसरा माणूस. या वर्षी पक्की होणारी जागा एक, आणि उमेदवार दोन, तो आणि चेतना. 'अ' बाटली त्यानंच उघडली, त्यानंच तपासली. संशय घ्यायचा तर माणूस अगदी हाताशी होता.

तो मराठी समजतो, उत्तरं हिंदीत देतो. आई वर्ध्याची, पण पोरगा इथला.

"गोळ्या कुटताना वेळ लावलास तर हवेतलं पाणी त्यांच्यात शिरतं ना?" मी विचारलं. हे मी अशाच एका रिपोर्टात टाइप केलेलं. "पावसाळ्याची हवा. एसी धड चालत नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू कपाटानं प्रश्न विचारला. "दीदी, आपको ये सब कैसे मालूम?"

"टाइप करून करून."

"हाँ, घुसता है. आधा परसेंट, बहुत हुआ तो एक. पाँच नहीं." त्याचे कान लाल झाले. "और मैंने ऑडिटर के सामने किया. तीन बार. पहले मशीन की जाँच भी की, जिसमें पानी पहले से मालूम रहता है, उस पावडर से. बराबर आया."

म्हणजे मशीन सुटलं. अभिनवही जवळपास सुटला.

"बाटली उघडली तेव्हा काय काय होतं आत? सगळं सांग. जे रोजचं आहे तेही."

"क्या होगा दीदी? गोलियाँ. और वो सूखा रखने वाला पाउच, सिलिका का. सफ़ेद, छोटा सा. निकाल के फेंक दिया."

"नेहमीसारखं?"

"नेहमीसारखं," तो चक्क मराठीत म्हणाला. दाराशी जाऊन परत वळला. "दीदी, एक बात लिखना मत. मुझे वो पोस्ट चाहिए. पर ऐसे नहीं."

हे मी लिहिलं नाही. त्याच्या जबाबाखाली मात्र 'पुडी होती' असं लिहिलं, कारण त्यानं सांगितलेल्या गोष्टींत तीच एक अशी होती जिचं मला काही वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षांत शिकले ते एवढंच: ज्याचं काही वाटत नाही ते आधी लिहून ठेवावं.

४

परागला मी फोन केला.

"मावशी, तुमची शप्पथ, आमचा माल सुका आहे," तो म्हणाला. "फॅक्टरीत रोज चेक होते. चेतना मॅडमले मी काय देणार? एकदा दिवाळीची डायरी दिली, तीही तुम्ही ठेवून घेतली."

तेही खरं होतं. त्यात मी घरचं दूध लिहिते.

"बाटली बदलायची म्हटलं तर?"

"नमुना-खोलीत मले कोण जाऊ देते? तिथं तुमचे रामटेके भाऊ बसून राहतेत. देवळातल्या नंदीवानी."

देवीदास रामटेके. नमुना-खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला गेली एकोणीस वर्षं. दिवाळीच्या आधी रिटायर होणार. मंदिर हसौदला राहतात, लुनावर येतात, त्यामुळे बसची घाई त्यांना नाही. सगळ्यांच्या मागून ते खोली बंद करतात.

मी गेले तेव्हा ते फडक्यानं रिकाम्या बाटल्या पुसत होते. प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून.

"बसा बाई. पोरीचं काय होते?"

"शुक्रवारी कळेल."

"काहून हो असं? इतकी हुशार पोट्टी. आमच्या पाऱ्यात, अख्ख्या वस्तीत, अशी एक निघाली नाही." त्यांनी बाटली खाली ठेवली. "तिची पयली सही होती ना त्याच्यावर. मी त्या दोन बाटल्यायची लई काळजी घेतली. बाकीच्यायपेक्षा जास्त. मले तं समजूनच नाही राहिलं, पाणी कुठून आलं."

"पट्टी कोणी चिकटवली, भाऊ?"

त्यांनी फडकं झटकलं.

"सही कोणाची हाये? तिनंच चिकटवली असन."

आता दोघं खोटं बोलत होते, आणि दोघं एकमेकांसाठी बोलत होते, हे कळायला मला फार डोकं लागलं नाही. साडेपाचच्या बसपायी सगळे काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी दहा-पंधरा कोऱ्या पट्ट्यांवर सह्या करून त्या देवीदासभाऊंच्या हवाली करायच्या. बाटल्या ते मागून भरतात, मागून चिकटवतात. हे लिखापढीत आलं तर सही करणारीही जाते आणि चिकटवणाराही.

म्हणजे ती शाबूत सही काहीच सिद्ध करत नव्हती. पण माझं कोडं तिथंच अडकलं. कारण देवीदासभाऊ ही अशी एकच व्यक्ती होती जी त्या बाटलीला हात लावू शकत होती, आणि त्या पोरीचं वाईट व्हावं असं जिला स्वप्नातही वाटणार नाही अशी सुद्धा तीच एक.

५

मंगळवारी दुपारी मी मुकाट्यानं रोजची कामं उरकत होते. त्यात एक स्मरणपत्र होतं. अधूनमधून करायचं, जुनं उघडायचं आणि तारीख बदलायची. बोटं चालत होती, डोकं चेतनापाशी होतं.

'महोदया, नमुना-खोलीतील सिलिका जेलच्या पुड्या एक जूनपासून संपलेल्या असून...'

बोटं थांबली.

एक जूनपासून.

नऊ जुलैला इमारतीत सिलिकाची एकही पुडी नव्हती. हे मी स्वतः तीन वेळा टाइप केलं होतं. आणि अभिनव म्हणाला होता, आत पुडी होती. सफेद, छोटी, नेहमीसारखी.

मग ती कशाची होती?

मी खुर्चीत मागे टेकले. तीन पत्रं मी पाठवली, आणि तरी काल त्याच्या तोंडून पुडी ऐकली तेव्हा मला काही वाटलं नाही. रोज हाताखालून जाणारी गोष्ट दिसत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत असते.

संध्याकाळी घरी, गुढियारीत, पाट्यावर मिरची वाटताना मी मिठाच्या बरणीत हात घातला. वर मिठाचे दाणे, खाली तळाशी बोटांना लागले ते वेगळे दाणे. आईच्या घरी होते, सासूच्या घरी होते, माझ्याही घरी आहेत. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून सगळ्या बायका घालतात तेच.

तांदूळ.

मग एकामागून एक सगळं सरळ झालं. एका माणसाकडे सिलिका नाही. त्याला एका पोरीच्या पहिल्या सहीची काळजी. तो घरून कोरडं ठेवायचं घरचंच औषध घेऊन येतो. पण पावसाळ्यात ते औषधच ओलं.

आणि त्याच्याही पुढचं सुचलं तेव्हा मिरचीचा हात मी डोळ्याला लावता लावता राहिले. 'ब' बाटलीतही तशीच पुडी असणार. म्हणजे 'ब'ही ओली निघणार. शुक्रवारी सगळे ज्या बाटलीच्या भरवशावर बसलेत, तीच पोरीला बुडवणार होती.

६

बुधवारी सकाळी बस सोडली. गोल बाजारच्या आसपासची तीन मेडिकल दुकानं पालथी घातली. बॅच नंबर पाठ होता. रिपोर्टात टाइप केला होता ना. तिसऱ्या दुकानात त्याच बॅचची मधुलेशची एक बंद डबी मिळाली, मागच्या फळीवर, धूळ खात. दुकानदार म्हणाला, "बाई, नई वाली ले लो." मी म्हटलं, जुनीच हवी. त्यानं खांदे उडवले.

घरी लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या, कोरड्या पुसून. दोन्हींत पन्नास पन्नास गोळ्या. एकीत नुसत्या. दुसरीत फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ, कोठीतल्या गोणीतले, ऑगस्टमध्ये आणलेले. झाकणं घट्ट.

शालिग्राम, म्हणजे आमचे हे, बघत होते. रेल्वेत तीस वर्षं मालगाड्या मोजलेला माणूस. "माझ्या चहाच्या गोळ्यांचं लोणचं घालून राहिली का?"

"शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही."

"मग चहात काय टाकू?"

"सवय. फिका प्यायची."

गुरुवारी लॅबमध्ये अभिनवला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी दोन नमुने मशीनवर लावायचे. नाव विचारायचं नाही."

"किसके लिए?"

"चेतनासाठी."

त्यानं एक क्षणच घेतला. "साढ़े आठ बजे आ जाऊँगा. बस से पहले वाली ऑटो पकड़ के."

मग राहिले देवीदासभाऊ. त्यांना आधी न सांगता शुक्रवारी सगळ्यांसमोर पुडी फोडणं मला जमलं नसतं. दुपारी डबा खाताना मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले.

"भाऊ, पुडीत तांदूळ होते ना?"

ते घास घेता घेता थांबले, आणि मग चेहरा असा उजळला की मला जास्तच वाईट वाटलं. त्यांना वाटलं मी कौतुक करायला आले.

"हव बाई! तुम्हाले कसं समजलं? सिलिका संपली होती. मले वाटलं, तिची पयली सही हाये, गोळ्या ओल्या व्हाच्या नाही. आमची घरवाली शेवंता पुड्या शिवून देते. आमच्या घरी मीठ बारा महिने कसं फडफडीत राहते, येऊन पाहा कधी."

मी सांगितलं. तांदूळ पाणी पितो हे खरं. पण पावसाळ्यात गोणीतला तांदूळ आधीच पोटभर प्यायलेला असतो. त्याच्याहून कोरडं कोणी बंद बाटलीत शेजारी आलं, की तो त्याला देऊन टाकतो. पुन्हा-पुन्हा. दीड महिना.

डब्याचं झाकण त्यांनी हळूच लावलं.

"म्हणजे मीच ओलं केलं."

मी माझा डबा बाजूला सारला.

"तिच्यासाठीच केलं आन् तिलेच..." ते थांबले. कमरेची किल्ली बोटांत फिरवली. "बाई, माझं नाव लिहून टाका. पोरीचं नोको."

७

शुक्रवारी अकरा वाजता क्षमा मॅडमच्या टेबलाभोवती आम्ही सहा जण. मॅडम, पराग, अभिनव, चेतना, दाराशी देवीदासभाऊ, आणि कोपऱ्यात मी, टिपण घ्यायला. टेबलावर 'ब' बाटली. बाजूला माझं पत्र, तारखेची जागा मोकळी.

पट्टी शाबूत असल्याचं परागनं पाहिलं, सही केली. अभिनवनं झाकण फिरवलं आणि गोळ्यांसाठी चिमटा उचलला.

"आधी पुडी काढा," मी म्हणाले.

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत अशा बैठकीत मी पाणी मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

"काढा, आणि कात्रीनं कापा. मॅडमच्या कागदावर."

पुडी पांढऱ्या मांजरपाटाची होती. कडेला हातशिलाई, बारीक, नेटकी. अभिनवनं ती पाहिली आणि डोळे मिटले. "पहले वाली भी ऐसी ही थी," तो पुटपुटला. "मैंने देखा ही नहीं."

कात्री चालली. कागदावर तांदूळ सांडला.

पराग म्हणाला, "मावशी, हे काय? पुलाव?"

मी उभी राहिले. पाय दुखत होते, पण बसून हे सांगता येईना. सिलिका एक जूनला संपली. बाटल्या नऊ जुलैला भरल्या. म्हणून आतली पुडी सिलिकाची असूच शकत नव्हती. मग लोणच्याच्या बरण्यांचं सांगितलं, आणि अभिनवकडे पाहिलं.

त्यानं खिशातून दोन पर्च्या काढल्या. "सेम बैच. आज सुबह. बिना चावल की बरनी, एक दशमलव पाँच. चावल वाली..." तो मॅडमकडे न बघता चेतनाकडे बघून म्हणाला, "पाँच दशमलव एक. दो दिन में. चेतना का नंबर सही था."

चेतनानं दोन्ही हात तोंडावर धरले. इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे आता राहिले नाहीत.

क्षमा मॅडम तांदळाकडे बघत होत्या. "कोणी घातले?"

"मी, मॅडम," दारातून देवीदासभाऊ म्हणाले. "पट्टी बी मीच चिकटवली. पोरीचा काही संबंध नाही."

"आहे," चेतना म्हणाली. आवाज फुटलेला, पण ऐकू येण्याइतका. "सही मी कोऱ्या पट्टीवरच दिली होती. सकाळी. बसच्या पायी. मी झूठ बोलली."

"मैं भी देता हूँ," अभिनव म्हणाला. "रोज. सब देते हैं, मैडम."

मॅडमनी चष्मा काढला. "मग आता मी कोणाला पत्र देऊ? कोणाला तरी द्यावं लागेल. ऑडिटला कारण लिहावं लागेल."

"कारण मी टाइप करून आणलंय," मी म्हणाले आणि कागद पुढे केला.

त्यात कोणाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं: सिलिका जेल उपलब्ध नसल्यामुळे नमुना-खोलीच्या कर्मचाऱ्याने सद्हेतूने पर्यायी साधन वापरले, पट्ट्यांवर आगाऊ सह्या करण्याची पद्धत आजपासून बंद. सोबत जोडपत्रं तीन: सिलिकासाठीची स्मरणपत्रं, सहा जून, पंचवीस जून, अकरा जुलै. तिन्हींवर 'मिळाले' म्हणून कोपऱ्यात एकच छोटी सही. 'क्ष.'

मॅडमनी ती सही बराच वेळ पाहिली. तरुणपणी त्या याच मशीनवर बसायच्या. तेव्हा त्यांचे रिपोर्टही मीच टाइप केलेत. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"कुठे आहे ती खरेदीची फाइल?" त्यांनी हळू विचारलं.

"टेबलाच्या काचेखाली, मॅडम. तुमच्या नव्या फ्लॅटच्या नकाशाखाली."

त्यांनी काच उचलली. फाइल होती. काच तिरपी होताना तिच्यावरही तांदळाचा एक दाणा घरंगळला.

८

चेतना राहिली. देवीदासभाऊंना तोंडी समज मिळाली आणि ती देताना मॅडमचाच आवाज अडखळला. ऑडिटवाल्यांनी जोडपत्रं वाचली आणि मॅडमना दोन पानी लेखी खुलासा मागितला. तो त्यांनी स्वतः लिहिला, मी नुसता टाइप केला. पराग कुठंही जाऊन ही गोष्ट सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत तांदूळ दर वेळी वाढत जातो.

सोमवारी देवीदासभाऊंनी माझ्या टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला. आत दहा-बारा पुड्या, तीच हातशिलाई.

"भाऊ, पुन्हा?"

"लॅबसाठी नाही जी. तुमच्या मिठासाठी. शेवंता लई बोलली मले. म्हणे, मी तुमाले हजारदा सांगतलं, तांदूळ आधी भाजून घ्याचे, थंडे करून मंग पुडीत भराचे. तुमाले भाजाची घाई." ते ओशाळं हसले. "मी कच्चेच भरले होते."

मी एक पुडी नाकाशी धरली. भाजल्याचा खरपूस वास येत होता. भाजलेला तांदूळ रिकामा असतो. तो प्यायला तयार असतो. शेवंताबाईला हे कुठल्याही मशीनशिवाय माहीत होतं. घाईत ऐकून न घेतलेलं तेवढं एक वाक्य, आणि एका पोरीची नोकरी.

आता पट्टीवर सही बाटली बंद झाल्यावरच करायची असते. बस मात्र अजून साडेपाचलाच सुटते. त्यामुळे चेतना रोज मागे राहते, स्वतःच्या हातानं पट्टी चिकटवते, आणि मीही राहते, कारण दोघींनी मिळून ऑटो केलेली बरी. देवीदासभाऊ किल्ली हातात घेऊन उभे राहतात. "झालं का, पोरी?" विचारतात. ती म्हणते, "हव काका, एकच राहिली."

ते पत्र मी टाकून दिलं नाही. कागद चांगला होता, आणि एक बाजू कोरी होती. पाठीमागे मी पाचव्या स्मरणपत्राचा मजकूर लिहून ठेवला. मॅडमनी फाइल त्याच दिवशी पुढे पाठवली, पण ती आता वरच्या मजल्यावर आहे.

सिलिका अजून आलेली नाही.